पैसा किती लागतो, त्याआधी तो कधी लागतो

सुखाने जगायला पैसा लागतो का, हा प्रश्न खात्यात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असलेल्या माणसाला चर्चेपुरता पडतो. ज्याच्या घरी २२ तारखेला सिलिंडर संपतो आणि पगार पुढच्या ७ तारखेला होतो, त्याला उत्तर ठाऊक असतं. लागतो. 'पैशाने काही सुख मिळत नाही' हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारू नये, कारण त्याच्या बाबतीत ते खरंच नाही.

किती लागतो, इथे मात्र बहुतेक घरांचे हिशेब चुकतात. आपण पगाराचा किंवा शेतमालाच्या वर्षाच्या पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाचा) आकडा धरून बसतो. पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात जातो, हे कोणी मांडत नाही. नाशिक जिल्ह्यात एक भाऊ अंबडला कंपनीत आणि दुसरा निफाडला द्राक्ष-कांद्यात, अशी घरं पुष्कळ आहेत. दोघांची वर्षाची कमाई सारखी भरली तरी दोघांना झोप सारखी लागत नाही.

अमेरिकेत यावर बरंच काम झालंय. २०१० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी मांडलं की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्नाबरोबर रोजचं समाधान वाढतं, पुढे थांबतं. २०२१ मध्ये संशोधक मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्या पाहणीत ते थांबताना दिसलं नाही. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्ये घेऊन एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. २०२३ चा त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेकांचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं. जे मुळातच सगळ्यांत जास्त दुःखी आहेत, त्या साधारण पाचव्या हिश्श्याचं मात्र एक लाख डॉलरच्या आसपास येऊन अडकतं. त्यांच्या दुःखाचं मूळ बहुधा पैशात नसतं.

डॉलरचे रुपये करून हे आकडे इथे लावण्यात अर्थ नाही. उपयोगाची गोष्ट अशी की समाधान रुपयांच्या हिशेबाने वाढत नाही, पटीने वाढतं. १५ हजारांचे ३० हजार झाले की जेवढा फरक पडतो, तेवढ्यासाठी लाखवाल्याला दोन लाख व्हावे लागतात. ठेकेदाराकडे १५ हजारांवर राबणाऱ्याला ३ हजारांची वाढ मिळाली तर घरात रोजचं दूध अर्धा लिटरने वाढतं आणि मुलाची शिकवणी सुरू होते. लाख कमावणाऱ्याच्या घरात तेच ३ हजार कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

शेतीवाल्या माणसाला जवळचा वाटेल असा अभ्यास तमिळनाडूतला आहे. विल्लुपुरम आणि तिरुवन्नामलै भागातल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या बुद्धीची चाचणी तोडणीआधी आणि तोडणीनंतर घेतली गेली, आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष छापून आले. माणसं तीच, चाचणीही त्याच प्रकारची. पण तोडणीआधी, हात आखडलेला असताना, त्यांचे गुण ठळकपणे कमी होते. चणचणीत डोकं सतत उसनवारीच्या हिशेबात गुंतलेलं असतं, आणि मोठे निर्णय नेमके त्याच दिवसांत घ्यावे लागतात.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर उन्हाळ कांदा बघा. एप्रिल-मेमध्ये लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि आवक वाढली की भाव पडतो. तरी बरेच लोक तेव्हाच विकतात, कारण जूनमध्ये खरिपाचं बियाणं, खत आणि शाळेची फी एकदम अंगावर येते. ज्याच्या हाताशी दोन-तीन महिन्यांचा खर्च आहे तो कांदाचाळीत, म्हणजे कांद्याच्या हवेशीर कोठारात, साठवतो. थांबायची ताकद पैशातून येते, आणि भाव थांबणाऱ्याला मिळतो.

अर्थात थांबणं फुकट नसतं, याचाही हिशेब करावा. १०० क्विंटल कांदा मेमध्ये १,००० रुपयांनी गेला तर लाख रुपये झाले. तोच सप्टेंबरपर्यंत ठेवला आणि सड, मोड, वजनातली घट मिळून ३० टक्के गेला, तर उरतो ७० क्विंटल. नुसती बरोबरी साधायला भाव १,४३० च्या जवळ हवा, शिवाय निवडीची मजुरी वेगळी. घट कमी ठेवायची तर कांदा पातीसकट शेतात सुकवावा, मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापावी, जोडकांदा आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आधीच बाजूला काढावेत, चाळीत ढीग चार-पाच फुटांच्या वर नेऊ नये. उंच ढिगात खालचा कांदा दबतो, हवा खेळत नाही आणि सड आतून सुरू होते. बाहेरून महिनाभर काही कळत नाही. सगळा माल एका भावावर टाकण्यापेक्षा तीन हिश्श्यांत विकणं बरं: एक लगेच, एक जुलै-ऑगस्टला, एक शेवटी. पहिल्या हिश्श्यातून जूनचा खर्च निघाला की पुढच्या दोन हिश्श्यांचा निर्णय शांत डोक्याने घेता येतो.

ज्याने खासगीत शेकडा ५ ने पैसे उचललेत त्याला यातलं काहीच जमत नाही. शेकडा ५ म्हणजे महिन्याला ५ टक्के, वर्षाला ६०. ५० हजारांवर दर महिन्याला अडीच हजार नुसतं व्याज, वर्षात ३० हजार भरूनही मुद्दल जागच्या जागी. याउलट ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्य, दोन्हीकडच्या व्याज सवलती मिळून शून्य टक्क्याने पडतं. मुदत हुकली की सवलत गेली, खातं थकलं की पुढचं पीककर्जही बंद, आणि मग सावकाराशिवाय दार उरत नाही. म्हणून द्राक्षाची पट्टी हातात आली की सगळ्यांत आधी पीककर्ज नवं-जुनं करावं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलावं. बाकीची देणी त्यानंतर.

आता नोकरदार घर घेऊ. नाशिकच्या सिडकोत भाड्याने राहणारं चार माणसांचं घर, उदाहरणादाखल. भाडं ९,०००, किराणा ७,०००, दूध-भाजी ५,५००, गॅस ९००, वीज १,५००, शाळेची व्हॅन आणि शिकवणी ४,०००, पेट्रोल ३,०००, मोबाईल-इंटरनेट १,२००, औषधं १,०००, गावी आई-वडिलांना ३,०००. बेरीज ३६,१००. विचारलं तर हे घर 'आमचा खर्च छत्तीस हजार' असं सांगेल.

तो छत्तीस नाही. जूनमध्ये फी, पुस्तकं, गणवेश मिळून १८ हजार, दिवाळीला १५, आरोग्य विम्याचा हप्ता २०, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५, लग्नकार्यातले आहेर आणि जाणं-येणं १०, उन्हाळ्यात देवदर्शनाची नाहीतर माहेरची फेरी ८. हे वर्षाचे ७६ हजार, म्हणजे महिना ६,३३३. खरा खर्च साडेबेचाळीस हजारांच्या घरात जातो. पगार ४० असेल तर हे घर कसलीही उधळपट्टी न करता दरवर्षी २५-३० हजारांनी मागे पडतं, आणि कुठे गळतंय ते कळत नाही म्हणून नवरा-बायकोत भांडणं होतात. तो म्हणतो तू जपून खर्च करत नाहीस, ती म्हणते घरात काय येतं ते बघ. दोघंही बरोबर असतात. चूक वहीत असते, कारण वहीत जून आणि ऑक्टोबर हे महिने जानेवारीसारखेच धरलेले असतात.

यावर उपाय साधा आहे. एक वेगळं बचत खातं काढायचं, त्याचं एटीएम कार्ड आणि यूपीआय घ्यायचंच नाही, आणि पगार झाला त्याच दिवशी वर्षाच्या खर्चाचा बारावा हिस्सा तिकडे वळेल अशी कायमची सूचना बँकेला द्यायची. महिनाअखेरीस उरलं तर टाकू, असं ठरवलं की कधीच उरत नाही. पहिल्या वर्षी रक्कम कमी पडेल, कारण पहिला जून बारा महिने भरायच्या आतच येतो. तेवढ्यापुरता दिवाळीचा बोनस तिकडे वळवावा.

यानंतर येते अडीनडीची रक्कम, आणि माझ्या मते सुखासाठी लागणारा पैसा तो हाच. तो खर्च करायचा नसतो. नोकरी गेली, मशीनवर बोट सापडलं, वडिलांना अचानक ॲडमिट करावं लागलं, तर घर सहा महिने उभं राहील एवढा तो असावा. हा आकडा काढताना नेहमीचा खर्च धरू नये, बिकट महिन्याचा धरावा: भाडं, किराणा, दूध-भाजी, वीज, गॅस, शाळा, औषधं. वरच्या घरात तो साधारण २९ हजार निघतो, सहा महिन्यांचे १ लाख ७४ हजार. ठेकेदारी कामगाराने आणि ज्यांचं घर एकाच कमाईवर चालतं त्यांनी सहाऐवजी आठ-नऊ महिने धरावेत. पती-पत्नी दोघं कमावते असतील आणि दोघांची क्षेत्रं वेगळी असतील तर चारही पुरतात. दोघंही एकाच कंपनीत असतील तर ते एकच उत्पन्न समजावं.

रक्कम ठेवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. १० ते १५ हजार घरात किंवा लगेच काढता येतील असे, एका महिन्याचा खर्च बचत खात्यात, उरलेल्याच्या २०-२५ हजारांच्या वेगवेगळ्या मुदत ठेवी. एकच सव्वा लाखाची ठेव केली तर २० हजारांसाठी सगळी मोडावी लागते, आणि मुदतीआधी मोडल्यावर व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कपात होते. तुकडे असले की एकच मोडते. खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही काढता येईल असं, नॉमिनीची नोंद केलेलं असावं. हे कागद करायला अर्धा तास लागतो. न केले तर पैसे हातात यायला वारसांचे कागदांच्या फेऱ्यांत महिने जाऊ शकतात.

ही रक्कम कुठे ठेवू नये, याची यादी मोठी आहे. पतसंस्थेत एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून लोक तिथे ठेवतात, पण बँकेतल्या ठेवींना असलेलं विमा संरक्षण पतसंस्थेला लागू नाही. ते संरक्षण सहकारी बँकांसह सगळ्या बँकांना आहे: एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत, ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी ते १ लाखच होतं. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवलं तरी मर्यादा एकच. दागिन्यांतही नको. खरेदीला ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ जाते, आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. आडगाव-मखमलाबादकडचा प्लॉट ही मालमत्ता झाली, अडीनडीची रक्कम झाली नाही. आठ दिवसांत विकायला काढलेला प्लॉट पडत्या भावानेच जातो.

भिशीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नाशकात गल्लोगल्ली भिशी आहे आणि तिने खरोखर अनेक संसार सावरलेत. २० जण, महिना ५,०००, म्हणजे दर महिन्याला लाख. चिठ्ठीच्या भिशीत नाव निघेल त्याला पूर्ण रक्कम मिळते. बोलीच्या भिशीत गरजू कमी पैशांवर उचलतो: दुसऱ्याच महिन्यात कोणी १५ हजार सोडून ८५ हजार घेतले, तर ते १५ हजार वीस जणांत ७५० प्रमाणे वाटले जातात. गडबड अशी होते की सर्वांत अडलेला माणूस सर्वांत आधी उचलतो, आणि पुढचे अठरा हप्ते भरायची सर्वांत कमी ऐपत त्याचीच असते. तो थांबला की चालवणाऱ्याने खिशातून भरायचे, तेही त्याला झेपले नाहीत की शेवटी राहिलेले चार-पाच जण बुडतात. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी नसेल तर दाद मागणंही अवघड. म्हणून भिशी करायची तर चिठ्ठीची, एकमेकांची घरं माहीत असलेल्या दहा-बारा जणांची, आणि महिन्याच्या बचतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठी नको.

विमा हा कंटाळवाणा विषय आहे, तरी तो सोडून चालत नाही. केंद्र सरकारच्या जीवन ज्योती योजनेचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २०, मिळून ४५६. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराईमुळे खात्यात शिल्लक नसते. विमा बंद पडतो, घरच्यांना पत्ता नसतो. मे महिन्याच्या २० तारखेला खात्यात हजार रुपये आहेत ना, एवढं बघावं. जीवन ज्योतीत नव्याने नाव घातलं तर पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही.

आरोग्य विमा घेताना लोक कव्हरचा आकडा बघतात आणि खोलीभाड्याची मर्यादा वाचत नाहीत. ५ लाखांच्या कव्हरवर रोजचं खोलीभाडं १ टक्का असेल तर मर्यादा ५ हजार. घाबरलेल्या घरच्यांनी ८ हजारांची खोली घेतली, तर भाड्यातले ३ हजार जातात तेवढ्यावर थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, पाच अष्टमांश एवढाच मंजूर होतो. २ लाख ४० हजारांच्या अशा खर्चातले दीड लाख मिळतात आणि ९० हजार आपल्याला भरावे लागतात. ॲडमिट करताना विम्यात बसणारी खोली कोणती, हे काउंटरवर विचारायलाच हवं.

घराच्या कर्जाने सुखाचं जेवढं नुकसान होतं तेवढं भाड्याच्या घराने होत नाही, हे ऐकायला लोक तयार नसतात. २५ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे २१,७००, एकूण भरणा ५२ लाखांच्या वर. हेच १५ वर्षांत फेडलं तर हप्ता २४,६०० च्या आसपास आणि पावणेआठ लाखांची बचत. २० वर्षांचंच घेऊन दरवर्षी एक जादा हप्ता भरला तरी कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं, आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी फेडल्याचा दंड लागत नाही. व्याजदर वाढला की बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. वर्षातून एकदा उरलेले हप्ते किती, ते मागून घ्यावं.

सातपूर-अंबडच्या कामगारांची खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. पगार २६ हजार, ओव्हरटाइम (ओटी) धरून ३८, आणि कर्ज बसवलं जातं ३८ वर. गाड्यांच्या सुट्या भागांची मागणी मंदावली की कंपनी पगार कापत नाही, ओटी बंद करते. त्या महिन्यापासून हप्ता जातो आणि घर क्रेडिट कार्डावर चालू लागतं, जिथे महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आहे. कमीत कमी रक्कम भरून खातं चालू दिसतं, पण मुद्दल जवळजवळ हलतच नाही. हप्ता ठरवताना ओटी, बोनस आणि इन्सेंटिव्ह शून्य धरावेत, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मूळ पगाराच्या ३५ ते ४० टक्क्यांत ठेवावेत. त्यात गंगापूर रोडला फ्लॅट बसत नसेल तर पाथर्डी फाट्याला बसेल. तिथेही बसत नसेल तर अजून तीन वर्षं भाड्याने राहण्यात काही कमीपणा नाही.

एवढं झाल्यावर वरच्या पैशाचं काम वेळ मोकळा करणं. रोजचा दीड तास प्रवास वाचवणारं दोन हजारांनी महाग भाड्याचं घर, धुण्याभांड्याला मावशी, आठवड्यातली एक जादा सुट्टी घेता येईल एवढी सैल कमाई, या गोष्टींची सवय होऊन त्यांचं मोल कमी होत नाही. नव्या गाडीचं होतं. शेजारी तिच्याहून मोठी येते तेव्हा तर फारच लवकर होतं.

राहता राहिलं म्हातारपण. खासगी कंपनीतल्या कामगाराचा पीएफ कापला जातो म्हणून पेन्शनची सोय झाली, असं अनेकांना वाटतं. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन १५ हजारांच्या पगारमर्यादेवर मोजली जाते: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. २० वर्षं किंवा त्याहून जास्त नोकरी असेल तर दोन वर्षं जादा धरतात. म्हणजे ३० वर्षं राबून महिना ६,८५७ रुपये. ज्यांची बरीच नोकरी २०१४ आधीची, म्हणजे ६,५०० च्या मर्यादेची आहे, त्यांना याहूनही कमी. उरलेला भार पीएफच्या रकमेवरच येतो, आणि ती रक्कम निवृत्तीच्या वर्षीच मुलाच्या फ्लॅटच्या बुकिंगला किंवा मुलीच्या लग्नाला जाते. त्यानंतर ज्या आई-वडिलांनी पैसे दिले त्यांनाच औषधासाठी हात पसरावा लागतो, आणि मुलगा कितीही गुणी असला तरी ते दोघांनाही जड जातं.

मुलाला मदत जरूर करावी, पण आधी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आपली रक्कम टाकून मगच. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये, म्हणजे महिना १०,२५० पडतात, आणि ठेवताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. बायकोचं वय बसत असेल तर निम्मी रक्कम तिच्या नावावर ठेवावी. व्याज जमा होणारं खातं तिचं स्वतःचं असावं, पासबुक तिच्या कपाटात, आणि पैसे काढायला पहिल्या दोन वेळा तिच्यासोबत जावं, म्हणजे तिसऱ्या वेळी ती एकटी जाईल.